कोंबडीवरचा आळ

आमच्या दादीच्या खुराड्यात एका उन्हाळ्यात मर शिरली. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी दुसऱ्या दिवशी मान वाकडी करून जागच्या जागी गोल फिरायची आणि संध्याकाळपर्यंत संपायची. आठवड्याभरात चौदापैकी दोन उरल्या. दादी या रोगाला मानमोडी म्हणायची. जनावरांचे डॉक्टर राणीखेत म्हणाले, तेव्हा तिने विचारलं, "हे राणीखेत कुठं आलं?"

राणीखेत कुमाऊँच्या डोंगरात आहे. १९२०च्या दशकात रोग तिथे ओळखला गेला, म्हणून आपल्याकडे ते नाव चिकटलं. त्याच सुमारास तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ दिसला, म्हणून जगाने त्याला न्यूकॅसल म्हटलं. रोग ज्याच्या दारात दिसला त्याच्या नावावर तो चढतो. पुराव्याआधी आळ कसा येतो, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

हाच रोग मला पुन्हा भेटला तो गालापागोस बेटांविषयी वाचताना. एक्वाडोरच्या किनाऱ्यापासून ती सुमारे १,००० किलोमीटर लांब. १८३२ साली एक्वाडोरने ताबा घेऊन फ्लोरेआना बेटावर वस्ती केली. तीन वर्षांनी डार्विन आला. पुढे वस्ती वाढली, तशा घरोघरी कोंबड्या आल्या. बेटांवरच्या रानपक्ष्यांना मात्र आपल्या खुराड्यातले रोग ठाऊक नव्हते आणि त्यांच्याशी झुंजायची ताकदही त्यांच्यात नव्हती.

काय होऊ शकतं, ते हवाईने दाखवलं आहे. तिथे पूर्वी डासच नव्हते. १८२६ साली 'वेलिंग्टन' जहाजाच्या खलाशांनी माउई बेटावर लाहैना इथे पिंपांतलं शिळं पाणी ओतलं आणि त्यातून डास आले, असं सांगतात. मग डासांमार्फत पक्ष्यांची देवी आणि पक्ष्यांचा हिवताप पसरला. २०२३ मध्ये अमेरिकन सरकारने हवाईचे आठ पक्षी नामशेष झाल्याचं जाहीर केलं. अधिवास गेला, उंदीर-मांजरं आली हे खरंच, पण या दोन रोगांचा वाटा मोठा आहे.

गालापागोसच्या पक्ष्यांनाही देवी होते. पायांवर, चोचीजवळ गाठी येतात. संग्रहालयांत ठेवलेल्या जुन्या पक्ष्यांच्या कातड्या तपासल्या, तेव्हा १८९९ साली पकडलेल्या पक्ष्यांतही हा विषाणू सापडला. साहजिकच बोट कोंबडीकडे गेलं, कारण देवी कोंबड्यांनाही होते. पण २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दोन्ही विषाणू वेगळे निघाले. कोंबड्यांत कोंबडीचीच देवी होती, आणि रानपक्ष्यांतला विषाणू कॅनरी पक्ष्याच्या देवीचा नातलग होता. मला हा शोध फार आवडतो. कुणीतरी थांबून, तपासून पाहिलं.

म्हणून कोंबडी सगळ्याच गुन्ह्यांतून सुटली असं नाही. त्याच सुमारास बेटांवरच्या कोंबड्यांच्या रक्तात न्यूकॅसल आणि मॅरेक्ससारख्या रोगांची प्रतिपिंडं आढळली. न्यूकॅसलला तर डासही लागत नाही. विष्ठा, खाद्य, चपलांचे तळवे पुरेत. तिथल्या पेंग्विनांची संख्या दोन हजारांच्या आत आहे. खुराड्यात मर आली तर आपण पुढच्या बाजाराला नवी पिल्लं आणतो. पेंग्विन कुठल्या बाजारातून आणायचे?

सप्टेंबर २०२३ मध्ये बर्ड फ्लूने गालापागोसचे समुद्रपक्षी मेले. या वेळी तो परसातल्या कोंबडीने नव्हे, उडत्या पक्ष्यांनी आणला असं मानतात. पण त्या विषाणूची वंशरेषा मागे नेली तर १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंगमधल्या पाळीव हंसांपर्यंत पोचते. तिचीच एक शाखा २००६ मध्ये आपल्या नवापूरला आली होती. तेव्हा तिथल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या.

बेटांवर परसात चार कोंबड्या पाळणाऱ्या बाईचं काय करायचं, हा प्रश्न मला सतावतो. तिचं खुराडं बंद करा म्हणणं सोपं. पण तिथे खायचे जिन्नस जहाजाने येतात आणि घरचं अंडं हाताशी असतं. पिल्लं कुठून येतात, ती आणण्याआधी कोण तपासतं, आणि मेलेली कोंबडी दिसली की त्या बाईने कुणाला सांगायचं, हे आधी ठरायला हवं.

पुढच्या वर्षी दादीने नवी पिल्लं आणली. डॉक्टरांना बोलावून, एकेकाला मुठीत धरून, तिने त्यांच्या नाकात लसीचे थेंब सोडवून घेतले.