किशोरवयीनांमधील व्हेपिंग : बंदी, धोके आणि नकाराचे बळ

इलेक्ट्रॉनिक सिगारेट अर्थात ई-सिगारेट हे तंबाखू न जाळता निकोटिन शरीरात पोहोचवणारे, बॅटरीवर चालणारे उपकरण आहे. त्यातील द्रव तापवून तयार होणारा फवारा ओढण्यास ‘व्हेपिंग’ म्हणतात. चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये विकसित केलेले हे उपकरण पुढे पेन, पेनड्राइव्ह अशा आकारांत आणि फळांच्या वा पुदिन्याच्या स्वादात मिळू लागले. सिगारेटसारखा उग्र वास नसल्याने ते पालक व शिक्षकांच्या सहज लक्षात येत नाही.

‘ही केवळ सुगंधी वाफ आहे’ हा मुलांमधील समज चुकीचा आहे. या फवाऱ्यात बहुधा निकोटिन असते. द्रव तापल्यावर फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन यांसारखी घातक रसायने तयार होऊ शकतात, तर तापणाऱ्या तारेतून निकेल, शिसे यांसारख्या धातूंचे कण त्यात मिसळू शकतात. मेंदूचा विकास वयाच्या सुमारे पंचविशीपर्यंत सुरू असतो. त्यामुळे या वयात निकोटिनचे व्यसन लवकर जडते आणि एकाग्रता, स्मरणशक्ती व मनःस्थितीवर परिणाम होतो. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपिंगशी संबंधित फुफ्फुसविकाराची साथ उद्भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे ६८ मृत्यूंची नोंद झाली. गांजातील मादक घटक असलेल्या द्रवात मिसळलेल्या ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’चा या आजाराशी निकटचा संबंध आढळला. विकत घेतलेल्या द्रवात नेमके काय आहे, हे ओढणाऱ्याला कळत नाही, हाच या घटनेचा धडा होय.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेशाद्वारे ई-सिगारेटवर बंदी घालण्यात आली आणि त्याच वर्षी संसदेने तसा कायदा संमत केला. उत्पादन, आयात, विक्री, वितरण किंवा जाहिरात केल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायद्याचा रोख पुरवठ्यावर असून केवळ ओढण्यासाठी त्यात स्वतंत्र शिक्षा नमूद नाही. त्यामुळे सवय लागलेल्या मुलाने शिक्षेच्या भीतीने मदत मागण्याचे टाळू नये.

मात्र पहिला झुरका अनेकदा दुकानदाराकडून नव्हे, तर मित्राच्या हातून मिळतो. तेथे कायदा पोहोचत नाही. मुलाचा स्वतःचा नकारच उपयोगी पडतो. ‘नको, मला नाही ओढायचे’ एवढे उत्तर पुरेसे असते. कारणे देत बसल्यास वाद वाढतो आणि आग्रहाला वाव मिळतो. गटातील आणखी एकाने नकाराला साथ दिली, की दडपण लक्षणीयरीत्या कमी होते. आग्रह थांबत नसेल तर तेथून निघून जाणे, हा भित्रेपणा नव्हे. असे प्रसंग घरी आधीच बोलून ठेवले, तर ऐनवेळी शब्द सुचतात. सवय जडलेल्या मित्राची चेष्टा करण्याऐवजी त्याला विश्वासातील मोठ्या व्यक्तीकडे नेणे अधिक हिताचे ठरते.

सवय सोडताना चिडचिड, अस्वस्थता व झोपेच्या तक्रारी उद्भवू शकतात. अशा वेळी पालकांनी रागावण्यापेक्षा मुलाचे ऐकून घ्यावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा, तर मानसिक आधारासाठी १४४१६ हा ‘टेली-मानस’ क्रमांक उपलब्ध आहे.