वांग, मुरुमे आणि लव : रोग की रूपदोष?

पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपेपर्यंत कारखान्यांच्या फडांवर राहतात. दिवसभर उन्हात राबणाऱ्या स्त्रियांच्या गालांवर जे काळसर डाग उमटतात, त्यांना आपल्याकडे ‘वांग’ म्हणतात. संस्कृत ‘व्यंग’ या शब्दाचे हे मराठी रूप. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात व्यंगाची गणना क्षुद्ररोगांत केली असून क्रोध व आयास यांनी प्रकुपित झालेला वायू पित्तासह मुखावर येऊन वेदनारहित श्यामवर्ण मंडल निर्माण करतो, अशी त्याची उपपत्ती दिली आहे. ‘आयास’ म्हणजे श्रम. आजचे त्वचाविज्ञान ऊन, गर्भारपण, संप्रेरके आणि आनुवंशिकता ही कारणे सांगते. श्रमाला ते दोष देत नाही. परंतु ज्यांचे श्रम उन्हातच होतात, त्यांना हा भेद फारसा उपयोगी नाही.

तारुण्यपिटिकांचाही विचार याच प्रकरणात ‘मुखदूषिका’ या नावाने येतो. त्यांवर वमन, तसेच वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप सांगितला आहे. केस काढण्याचा उल्लेख मात्र चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात व्रणचिकित्सेच्या संदर्भात आढळतो. केसाळ जागेवरील जखम नीट भरत नाही, म्हणून वस्तरा, कात्री वा चिमट्याने केस काढावेत, असे तेथे म्हटले आहे. पुढे दोन भाग शंखचूर्ण व एक भाग हरताळ शुक्तात वाटून केलेला लोमशातक लेपही दिला आहे. हरताळ हे सोमलाचे संयुग. घरी करून पाहण्याजोगी ही कृती नव्हे. प्रस्तुत लेखकास महत्त्वाचे वाटते ते हे की, येथे केस काढण्याचा हेतू सौंदर्य नसून शल्यकर्म आहे.

घरगुती परंपरेचा हेतू निराळा. नवजात बाळाच्या अंगावरील लव जावी म्हणून डाळीचे पीठ, साय व हळद चोळण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आहे. ही लव काही आठवड्यांत आपोआपच गळते. श्रेय मात्र डाळीच्या पिठाला मिळते.

विसाव्या शतकात या उपचारांना बाजारपेठ लाभली. मुंबईत १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ हे क्रीम आले. १९४० चा कायदा प्रारंभी केवळ औषधांपुरता होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधने आली आणि रोग व रूपदोष यांच्यामध्ये कायद्याने रेषा ओढली. ती किती अस्पष्ट होती, हे केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये परळला स्थापन केलेल्या विको कंपनीच्या वादातून दिसते. हळदीचे क्रीम हे औषध की प्रसाधन, हा उत्पादनशुल्काचा प्रश्न १९७८ मध्ये उपस्थित झाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. न्यायालयापुढे प्रश्न कराच्या दराचा होता. पण त्यामागे मुरुमे हा आजार मानावा काय, हा जुनाच प्रश्न होता.

१९७५ या एकाच वर्षी दोन गोष्टी घडल्या. भारतात ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आले (२०२० मध्ये त्याचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले) आणि अमेरिकेत क्लिगमन व विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व स्टेरॉइड यांचे त्वचेचा रंग उतरवणारे मिश्रण प्रसिद्ध केले. अशा धर्तीची मिश्रणे पुढे आपल्याकडे वैद्यकीय सल्ल्याविना गोरेपणाचे क्रीम म्हणून वापरली जाऊ लागली. वांगासाठी दुकानातून आणलेली नळी महिनोन्‌महिने लावली असता त्वचा पातळ होते, ऊन सोसवत नाही, मुरुमे उठतात, आणि चेहऱ्यावर लवही वाढते. एका रूपदोषावरील उपाय असे आणखी दोन निर्माण करतो. २०१८ मध्ये केंद्र शासनाने चौदा स्टेरॉइड मलमे ‘एच’ अनुसूचीत घातली. तेव्हापासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. फडावरच्या कोपीत राहणाऱ्या बाईला मात्र त्वचारोगतज्ज्ञापेक्षा औषधांचे दुकान जवळचे असते.