भाज्यांचे घरगुती सूप : दाटपणा पाकिटातून नव्हे, भाजीतून

ऋतू पालटला, घरात कुणाला ताप आला किंवा रात्रीचे जेवण हलके असावे असे वाटले, की सुपाची आठवण होते. बहुतेक घरांत मग पाकीट फोडले जाते, किंवा चार भाज्या उकडून, वाटून, कॉर्नफ्लॉवर कालवून काम भागवले जाते. चांगले सूप यापेक्षा फारसे कष्टाचे नाही. त्याला दोनच गोष्टी लागतात : दाटपणा भाजीतूनच यावा आणि जिन्नस घालण्याचा क्रम चुकू नये. मराठी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती असलेल्या, मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर या सीमावर्ती शहराचे पीक आणि पाणी पाहिले, की या दोन्ही गोष्टींचे मर्म ध्यानात येते.

नावाची गोष्ट

मराठीत ‘सूप’ म्हटले की धान्य पाखडण्याचे सूपही डोळ्यांपुढे येते. तो शब्द संस्कृत ‘शूर्प’पासून आला. संस्कृतात ‘सूप’ असाही शब्द आहे. त्याचा अर्थ शिजवलेले वरण, आणि ते रांधणारा तो ‘सूपकार’. वाडग्यातले आजचे सूप मात्र इंग्रजीमार्गे आले.  तथापि पदार्थ आपल्याला नवखा नाही. आयुर्वेदातील यूष, आजाऱ्याला दिले जाणारे मुगाचे कढण, टोमॅटोचे वा आमसुलाचे सार ही सारी त्याचीच भावंडे. फारसीतून आलेला ‘शोरबा’ हा शब्द ‘शोर’ म्हणजे खारट यावरून बनला आहे. खारटपणा या पदार्थाच्या नावातच आहे. मिठाविषयी पुढे बोलायचे आहे, तेव्हा हे लक्षात असू द्यावे.

बुऱ्हाणपूरचे केळे आणि ज्वारी

तापीकाठचे बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांच्या काळातील खानदेशाची राजधानी. १६०१मध्ये असीरगड पडला आणि हा मुलूख मोगलांकडे गेला. त्या काळच्या ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फझलने खानदेशच्या सुभ्यात मुख्य पीक ज्वारीचे असल्याचे नोंदवले आहे. आज या जिल्ह्याची ओळख केळीची आहे. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत बुऱ्हाणपूरसाठी केळीचीच निवड झाली. पलीकडच्या रावेरपर्यंत हाच केळीपट्टा पसरलेला आहे. दूरच्या बाजारासाठी ट्रकमध्ये चढणारा माल हिरवाच असतो; तो पिकवला जातो तो मुक्कामी पोचल्यावर.

सुपासाठी उपयोगी पडते ते हेच हिरवे केळे. कच्च्या केळ्यातील पाणी वगळले तर उरलेला बहुतांश भाग पिष्टमय असतो; पिकताना त्या पिष्टाची साखर होते. म्हणून कच्चे केळे शिजवून वाटले की सुपाला मऊ दाटपणा येतो. पिकलेले घातले तर सूप गोडसर होते. केळे मिळाले नाही तर कोरड्या तव्यावर भाजलेले चमचाभर ज्वारीचे पीठ गार पाण्यात कालवून लावावे. आंबील करणाऱ्यांना ही रीत सांगावी लागणार नाही. गोव्यातील ज्या घरांत खतखत्यासाठी कच्ची केळी आणली जातात, तिथे अर्धे केळे बाजूला ठेवले तरी काम होते.

साहित्य (चौघांसाठी)

दुधी भोपळा पाव किलो, मध्यम गाजर एक, कांदा एक, कच्चे केळे अर्धे, मूगडाळ दोन मोठे चमचे (सुमारे ३० ग्रॅम), टोमॅटो दोन, लसूण चार पाकळ्या, आल्याचा छोटा तुकडा, तूप एक चमचा, पाणी एक लिटर, मीठ एक सपाट छोटा चमचा, मिरपूड व लिंबू चवीपुरते.

कृती

१. मूगडाळ धुऊन अर्धा तास भिजत ठेवावी. केळे सोलण्यापूर्वी हाताला व सुरीला तेल लावावे, म्हणजे चीक चिकटत नाही. फोडी लगेच पाण्यात टाकाव्यात, नाहीतर काळ्या पडतात.

२. दुधी चिरण्याआधी त्याचा लहानसा तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि तो दुधी फेकून द्यावा. याचे कारण पुढे दिले आहे.

३. जाड बुडाच्या पातेल्यात तूप तापवून कांदा मंद आचेवर पाच-सहा मिनिटे परतावा. तो पारदर्शक व्हावा, लाल नको. मग लसूण, आले व गाजर घालून आणखी तीन-चार मिनिटे परतावे. सुपाची निम्मी चव इथेच तयार होते. भाज्या थेट पाण्यात टाकल्या तर ती येत नाही.

४. दुधी, केळे, निथळलेली डाळ व पाणी घालून झाकण ठेवावे. डाळ बोटाने सहज चिरडेपर्यंत, साधारण पंचवीस मिनिटे, मंद आचेवर शिजवावे. कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्या पुरतात.

५. आता टोमॅटो घालून आठ-दहा मिनिटे उकळावे.

६. सूप कोमट झाल्यावर वाटावे. वाफाळते सूप मिक्सरमध्ये घालून झाकण घट्ट लावले, तर आतल्या वाफेने ते उडते आणि चेहरा, हात भाजतात. मिक्सर नसेल तर रवीनेही ते चांगले घोटले जाते. वाटलेले सूप गाळू नये, चोथाही पोटात जाऊ द्यावा.

७. पुन्हा एक उकळी आणून मीठ व मिरपूड घालावी. लिंबू पिळायचे ते आच बंद केल्यावर. केळ्यामुळे सूप गार होताना आणखी दाटते. तेव्हा गरम पाणी घालून सारखे करावे.

क्रम का पाळायचा?

टोमॅटो मागाहून घालण्याचे कारण चवीत नाही, शिजण्यात आहे. आंबटपणामुळे भाज्यांच्या पेशी धरून ठेवणारे पेक्टिन लवकर सुटत नाही, आणि भाजी व डाळ कणीदार राहते. पाण्यातील कॅल्शियमचाही तसाच परिणाम होतो. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, १६१५च्या सुमारास बुऱ्हाणपुरात बांधलेला कुंडी भंडारा हे याचे ठळक उदाहरण आहे. सातपुड्याच्या डोंगरातून झिरपणारे पाणी भुयारांतून शहरापर्यंत आणणाऱ्या या योजनेत शंभरांहून अधिक कुंड्या आहेत, आणि भुयाराच्या भिंतींवर चुन्याचे थर साचत आले आहेत. ज्या पाण्याने किटलीच्या तळाशी पांढरा थर धरतो, त्यात डाळही उशिरा शिजते. अशा घरांनी डाळ जास्त वेळ भिजवावी आणि उकळून निवळलेले पाणी वापरावे. चिमूटभर सोडा घातला की डाळ मऊ होते खरी, परंतु त्याने ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होते.

कडू दुधीचा धोका

दुधीत कधी कधी कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये वाढतात. कडू दुधीचा रस प्यायल्याने उलट्या, पोटदुखी, रक्तस्राव आणि प्रसंगी मृत्यू ओढवल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास करून कडू रस मुळीच न पिण्याचा इशारा दिला. शिजवल्याने हा कडवटपणा जातो असे समजू नये. मीठ, साखर वा मसाला घालून तो झाकणे तर अधिकच घातक. वीस-तीस रुपयांच्या भाजीपायी जीव धोक्यात घालू नये.

आजाऱ्याला देताना

सूप पचायला हलके असते, याचा दुसरा अर्थ त्यात अन्न थोडे असते. वरील प्रमाणात डाळीतून एका वाट्याला सुमारे दोन ग्रॅमच प्रथिने येतात. दोन-तीन दिवस केवळ सुपावर ठेवलेला वृद्ध माणूस आजारापेक्षा उपासाने अधिक थकतो. म्हणून सुपासोबत मऊ खिचडी, दही किंवा अंडे यांपैकी जे चालेल ते द्यावे, आणि भूक परतताच नेहमीचे जेवण सुरू करावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे. वरील कृतीत एका वाट्याला सुमारे सव्वा ग्रॅम मीठ येते. पाकिटातील सुपाशी तुलना करायची असेल, तर वेष्टनावरील सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणावे. येणारा आकडा मिठाचा. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ निम्मे करून लिंबू वाढवावे. मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियम कमी ठेवण्याचा सल्ला असेल, तर केळे व टोमॅटो घातलेले सूप डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. सुपात भाजी उकळलेले पाणी टाकले जात नाही, त्यामुळे त्यात उतरलेले पोटॅशियमही पोटात जाते.

साठवण

उरलेले सूप दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी खळखळून उकळी आणूनच प्यावे. पुन्हा पुन्हा तापवण्यापेक्षा लागेल तेवढेच काढून घ्यावे. आंबूस वास आला किंवा फेस दिसला, तर चव पाहण्याच्याही फंदात पडू नये.

एकदा हा क्रम अंगवळणी पडला, की भाज्या बदलता येतात. दुधीऐवजी लाल भोपळा, गाजराऐवजी घेवडा, मुगाऐवजी मसूर, बाजारात स्वस्त व ताजे असेल ते घ्यावे. दाटपणा भाजीतून, आंबट मागाहून आणि मीठ शेवटी, एवढे सांभाळले की कपाटातल्या पाकिटाची गरज उरत नाही.