जखमी जीव आणि आपली दया

घरात उंदीर पिंजऱ्यात अर्धवट सापडतो, खिडकीवर आदळून पारवा खाली पडतो, परसात कुदळीखाली साप अर्धमेला होतो. अशा वेळी घरातील माणसांची दोन मते होतात. एक म्हणतो, मारून टाका. दुसरा म्हणतो, राहू द्या, आपल्या हातून पाप नको. दोघेही पाठ फिरवतात आणि तो जीव तसाच तडफडत राहतो. प्रश्न लहान दिसतो खरा; परंतु त्याच्यापाठीमागे या देशाचा दोन हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे. जीव न मारणे, जीवाला आसरा देणे आणि जीवाचे दुःख दूर करणे या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की दयेचेच क्रौर्य होते, हे आम्ही या इतिहासाच्या आधारे मांडू इच्छितो.

आरंभ अर्थातच अशोकापासून करावयाचा. गिरनारच्या खडकावर कोरलेल्या त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची आणि जनावरांची अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे नमूद आहे. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्याचेही म्हटले आहे. आपल्या सोपाऱ्यासही या शिलालेखमालेचे तुकडे सापडले आहेत. पहिला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षीच्या स्तंभलेखात तर अशोकाने जिवंत किडे असलेला भुसा जाळू नये, असेही सांगितले आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, येथे केवळ 'मारू नका' एवढेच नाही. औषध आणि पाणी यांचीही तरतूद आहे.

पुढील काळात ही परंपरा गुजरातच्या व्यापारी शहरांत जैन आणि वैष्णव महाजनांनी जोपासली. १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी खंबायतेस आला, तेव्हा त्याने तेथील पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले. तेथे पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध, नाकावर चष्मा चढवून, कापसात ठेवलेल्या उंदरांच्या पोरक्या पिलांना पिसाने दूध पाजीत होता. मोठी झाली की त्यांना सोडून देणार, असे त्याने प्रवाशास सांगितले. त्या वृद्धाचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. तरीही या विषयातील अर्धे शहाणपण त्याच्या त्या एका उत्तरात आहे, असे आम्हांस वाटते. जीव वाचवावयाचा तो आपल्या पुण्याचा ऐवज म्हणून कोंडून ठेवण्यासाठी नव्हे, तर त्याचे त्याला आयुष्य परत देण्यासाठी!

याच्या उलट टोकाचे चित्र ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने सुरतेचे रेखाटले आहे. १६८९ साली तो तेथे होता. ढेकूण, पिसवा इत्यादींसाठी तेथे वेगळे घर होते आणि त्या जीवांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर तेथे निजविले जाई, असे तो लिहितो. परकीय प्रवाशाच्या वर्णनात तिखटमीठ असावयाचेच. परंतु ते खरे असेल, तर ढेकणावरील दयेची किंमत एका गरीब माणसाच्या अंगाने चुकती केली जात होती. दया कोणाच्या खर्चाने होते, हा प्रश्न येथे प्रथम उभा राहतो.

आता मुंबईकडे वळू. जून १८३२ मध्ये सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस असल्यामुळे शिपाई घरात शिरूनही कुत्री ओढून नेतात, अशी तक्रार होती. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान. कोटात दंगल उसळली आणि तीत इतर समाजही सामील झाले. याच्या पाठोपाठ १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वराजवळ पांजरपोळ स्थापन झाली. हा आसरा झाला. उपचाराची पुढली पायरी अजून बाकी होती. १८७४ साली जनावरांवरील क्रूरता रोखणारी संस्था मुंबईत निघाली, १८८३ साली दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ साली तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. दयेला अखेर विद्येची जोड मिळाली.

पण दहाच वर्षांत, १८९६ साली, मुंबईत प्लेग आला आणि दयेची कठोर परीक्षा झाली. १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखविले की, रोग उंदरावरील पिसवांमुळे पसरतो. उंदीर मेला की पिसवा त्याचे थंड पडलेले अंग सोडून दुसरे अंग शोधतात. अशा वेळी उंदरांचा बंदोबस्त करू नका, असे म्हणणे म्हणजे शेजाऱ्याच्या लेकरांवर उदार होणे होय. उंदीर मारणे प्राप्त झाले, हे आम्ही निःसंकोचपणे मान्य करतो. मात्र मारणे प्राप्त झाले म्हणून छळणेही प्राप्त होते, असे नाही.

या प्रश्नाचा सर्वांत अवघड भाग गांधीजींनी १९२८ साली देशापुढे मांडला. साबरमती आश्रमातील एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. उपाय खुंटले, तेव्हा गांधीजींनी डॉक्टरकडून सुई टोचवून त्याचे दुःख संपविले. देशभर खळबळ उडाली. रागाच्या पत्रांचा वर्षाव झाला. गांधीजींनी उत्तर देताना जो भेद केला तो मोलाचा आहे. वासराला मारण्यात आपला स्वार्थ नव्हता, म्हणून ती अहिंसा; पिकाची नासाडी करणाऱ्या माकडांना मारले तर त्यात स्वार्थ आहे, म्हणून ती हिंसाच, मग ती कितीही अटळ असो. आपल्या सोयीला दयेचे नाव देऊ नये, हा त्याचा इत्यर्थ.

कायदाही हळूहळू याच वाटेने आला. १९६० च्या कायद्याने प्राण्यांना विनाकारण यातना देणे गुन्हा ठरविले आणि वाचण्याची आशा नसलेल्या जनावराचे दुःख पशुवैद्याच्या मताने संपविण्याची रीतसर वाट ठेवली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात उंदीर, घूस, कावळा आणि फळे खाणारे वटवाघूळ यांची 'उपद्रवी' म्हणून वेगळी यादी होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादी काढून टाकली.

मग घरी काय करावे? जखमी पक्षी वा खार सापडल्यास जाड फडक्याने उचलून, भोके पाडलेल्या खोक्यात, अंधाऱ्या शांत जागी ठेवावी. तोंडात दूध-पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. वन्य प्राणी घरी पाळू नये. वनखात्यास वा पशुवैद्यास कळवावे. सापाला आणि पिसाळल्यासारख्या जनावराला हात लावू नये, जाणकारास बोलवावे. वटवाघूळ वा माकड चावले, ओरखडले तर जखम साबण-पाण्याने खूप वेळ धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. उंदीर चिकट सापळ्यात तडफडत ठेवण्यापेक्षा बिळे बुजवावीत, धान्य झाकून ठेवावे. उपद्रव येऊच न देणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोवळी अहिंसा होय.

खंबायतेच्या वृद्धापाशी कायदा नव्हता, पशुवैद्य नव्हता; होते एक पीस आणि थोडे दूध. त्याच्याहून पुष्कळ साधने आज आपल्या हाताशी आहेत. पाठ न फिरविता खाली वाकून पाहण्याचे काम मात्र अजूनही आपले आपणच करावयाचे आहे.