जंगलातील साक्षीदार आणि त्याचे सेल : ताडोबा ते वडसा

१/
चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वाघाची ओळख आज त्याच्या पट्ट्यांच्या छायाचित्रावरून पटवली जाते. ते टिपणारा कॅमेरा झाडाच्या खोडाला बांधलेला असतो आणि बहुधा मूठभर पेन्सिल सेलवर चालतो. सेल संपले की साक्षीदार मुका होतो. या सेलची आणि बॅटऱ्यांची निगा राखण्याचे नियम कोठून आले आणि त्यांतील कोणते कालबाह्य झाले, याविषयीचा हा धागा.

२/
वाघाने स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढावे, ही कल्पना जुनी आहे. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात जंगलवाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागताच प्रकाशाचा लखलखाट होई आणि काचेवर प्रतिमा उमटे. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले.

३/
गणनेसाठी मात्र पुढे पंज्यांचे ठसेच वापरले गेले. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणनेत १,८२७ वाघ मोजले गेले, तेही ठशांवरून. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले आणि या पद्धतीवरील विश्वास ढासळला. २००६ पासून कॅमेरा ट्रॅपवर आधारलेली नवी पद्धत देशभर आली. त्या वेळचा अंदाज होता १,४११.

४/
वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरील पट्टे वेगवेगळे असतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. २०१८-१९ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१. जोडीतील एका कॅमेऱ्याचे सेल उतरले, तर हाती अर्धाच वाघ लागतो.

५/
वैनगंगेच्या दोन्ही काठांवर हा प्रश्न केवळ गणनेपुरता राहत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील वडसा भागात ‘सीटी-१’ हा वाघ बेशुद्ध करून पकडण्यात आला. वडसा आणि आसपासच्या भागांत १३ जणांचा बळी त्याच्या नावावर नोंदला गेला होता. अशा वेळी नेमका कोणता वाघ, हे ठरवावे लागते. ओळख चुकली तर निरपराध वाघ पिंजऱ्यात जातो आणि गाव भीतीच्याच छायेत राहते.

६/
आता सेलचा इतिहास. पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. तिच्यात शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल होते. १८९९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियम बॅटरी बनवली. विसाव्या शतकात कॅमेऱ्यांचे फ्लॅश, व्हिडिओ कॅमेरे आणि उपग्रहही या बॅटरीवर चालले.

७/
याच बॅटरीने एक प्रसिद्ध नियम जन्माला घातला. उपग्रहांत ती दर फेरीला नेमकी तेवढीच वापरली जाई. काही काळाने ती त्या मर्यादेपलीकडे साथ देईनाशी होई. यालाच ‘मेमरी इफेक्ट’ हे नाव पडले. त्यातून घराघरांत सल्ला पोहोचला : बॅटरी पूर्ण उतरू द्या, मगच चार्ज करा.

८/
नियम टिकला, बॅटरी मात्र बदलली. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी लिथियम-आयन बॅटरीचा नमुना सिद्ध केला आणि १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळाले. आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत हीच बॅटरी असते.

९/
या बॅटरीला जुना सल्ला घातक ठरतो. ती पूर्ण उतरवून महिनोन्‌महिने तशीच ठेवली, तर आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढच्या चार्जिंगला आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका निर्माण होतो. थोडी वापरून पुन्हा चार्ज करणे तिला मानवते. दीर्घकाळ ठेवायची असल्यास साधारण निम्मी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवावी.

१०/
चंद्रपूरच्या संदर्भात ‘थंड’ हा शब्द महत्त्वाचा. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तर अनेक कॅमेरा-उत्पादक ४० अंशांच्या आत चार्जिंग करण्यास सांगतात. पूर्ण चार्ज आणि प्रखर उष्णता ही जोडी बॅटरीला लवकर म्हातारी करते. म्हणून मोहर्ली किंवा कोलाऱ्याहून सफारी करून परतल्यावर तापलेली बॅटरी आधी सावलीत निवू द्यावी. चार्जिंग शक्यतो रात्री, पण जागेपणी करावे. उन्हात उभ्या गाडीत बॅटरी कधीही ठेवू नये.

११/
लिथियम-आयन बॅटरीतील द्रव ज्वालाग्राही असतो. चार्जर त्याच बॅटरीसाठी बनवलेला असावा. चार्जिंग गादीवर किंवा कागदांच्या गठ्ठ्यावर न करता फरशीवर करावे. सुटी बॅटरी किल्ल्या आणि नाण्यांसोबत खिशात टाकू नये. टोकांवर टोपण हवेच. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये आणि पुन्हा चार्जरलाही लावू नये.

१२/
पेन्सिल सेलची रीत निराळी. १९९० च्या सुमारास आलेले निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसते ठेवले तरी उतरत. २००५ मध्ये सान्योने चार्ज दीर्घकाळ टिकवणारे सेल आणले आणि महिनाभर जंगलात राहणाऱ्या कॅमेऱ्यांसाठीही ते सोयीचे ठरले. नवे-जुने सेल एकत्र घालू नयेत, कारण दुबळा सेल उलटा चार्ज होऊन बिघडतो. संच करून त्यावर तारीख लिहावी. साधे अल्कलाइन सेल चार्जरमध्ये घालू नयेत.

१३/
निकामी बॅटरी जंगलात किंवा कचऱ्यात टाकणे म्हणजे कॅडमियमसारखी विषारी द्रव्ये माती-पाण्यात सोडणे. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. म्हणून त्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलन केंद्रात द्याव्यात.

१४/
२० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा परिसरात व्याघ्रगणनेचे पायी सर्वेक्षण सुरू असताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ते काम बॅटरी बदलण्याचे नव्हते, पण कॅमेऱ्यांपर्यंत जाणारी वाटही त्याच जंगलातून जाते. नीट चार्ज केलेला सेल त्या वाटेवरची एक फेरी वाचवतो. बॅटरीच्या निगेचे खरे मोल या जिल्ह्यांत त्या एका फेरीवरून कळते.