गोंदवल्याच्या पंगतीत

मोबाइल घरीच ठेवा. रेंजचं सोडा, तिथे अजून वीजच यायची आहे. वहाणा मात्र जाड तळव्यांच्या घाला. माणदेशातली बाभूळ पाहुणा ओळखत नाही.

साल १९१२, महिना चैत्र. उद्या रामनवमी. आटपाडीच्या वेशीबाहेर तुम्ही गोंदवल्याला निघालेल्या एका बैलगाडीत चढताय. आज हे गाव सांगली जिल्ह्यात, तेव्हा औंध संस्थानात. गाडीवानाला त्याचं सोयरसुतक नाही. त्याचा जीव डाव्या बैलाच्या खुरात अडकलाय. गाडीत कडबा, कडब्यावर घोंगडी, घोंगडीवर तुम्ही. घोंगडीची लोकर शर्टातून टोचतेय. उन्हं कलली तरी माळ अजून तव्यासारखा तापलेला आहे. डोळ्यांसमोर नुसतं कुसळ आणि दगड. माडगूळकर बंधूंपैकी कुणी अजून जन्मलेलं नाही, तेव्हा हा माळ वाचून ओळखीचा वाटण्याचीही सोय नाही.

तुम्ही एक प्रश्न घेऊन निघालाय. ब्रह्म म्हणजे काय, ते ज्याला कळलं तो माणूस दिसतो कसा, असलं काहीतरी. वेदान्तावरची दोन पुस्तकं वाचून झाली की माणसाला असा प्रश्न पडतोच. आणि ज्यांच्याकडे निघालात त्यांच्या नावातच ब्रह्म आहे: ब्रह्मचैतन्य. जन्म १८४५चा, पाळण्यातलं नाव गणपती, घराणं घुगरदऱ्यांचं. पोरवयात गुरूच्या शोधात घर सोडलं, पुष्कळ पायपीट केली आणि येहळेगावच्या तुकामाईंपाशी थांबले. लोक सुटसुटीत ‘गोंदवलेकर महाराज’ म्हणतात. तुमच्या आजीच्या देव्हाऱ्यात टोपी घातलेला एक फोटो होता ना? तेच.

“पावनं, आमच्याच गावची हाय की त्यांची मंडळी,” गाडीवान शेपटी पिळत सांगतो. “देशपांड्यांची लेक. डोळ्यानं आंधळी. म्हाराजांनी करून घेतली.” पहिली बायको गेल्यावर, एवढा लौकिक असताना, आंधळ्या मुलीशी लग्न करायचं हे त्या काळच्या आळीत कसं चघळलं गेलं असेल, याचा अंदाज तुम्हाला आहेच. गोंदवल्यात त्यांना आईसाहेब म्हणतात.

दिघंचीच्या पुढे अंधार पडतो.  अष्टमीच्या अर्ध्या चंद्राच्या उजेडात वाट धड दिसत नाही, पण बैलांच्या घामाचा आणि वंगणाचा वास स्पष्ट कळतो. चाकांची कुरकुर, घुंगरांचा आवाज, लांब कुठेतरी कोल्हा. मध्यरात्र उलटल्यावर म्हसवड लागतं. माणगंगेत पाणी नाही, आहे ती वाळू. वाळूत उकरलेल्या झिऱ्यापाशी एक बाई नारळाच्या करवंटीने घागर भरतेय. तुम्ही ओंजळ पुढे करता. पाणी गार, थोडं मचूळ, दाताखाली वाळू. पिऊन टाका. फिल्टरची आठवण काढू नका.

गाडीवान दुष्काळाचं बोलतो. त्याच्या बापाने पाहिलेला, १८७६ सालचा. महाराजांनी शेतात कामं काढली म्हणे, इकडची माती तिकडे, तिकडची इकडे, आणि काम केलेल्याच्या पदरात भाकरी. “माती हालवून काय हुतंय? पन भीक न्हाई वाटली,” एवढं बोलून तो पुन्हा बैलावर ओरडतो.

दिवस कासराभर वर येतो आणि गोंदवले दिसण्याआधी ऐकू येतं. टाळ, झांजा, आणि खाली सगळ्यांच्या तळाशी एक घोगरा गुंजारव: श्रीराम जय राम जय जय राम. तेरा अक्षरं. माणसं पाणी आणताना म्हणतायत, लाकडं फोडताना म्हणतायत, भांडताना मध्येच थांबून म्हणतायत. थोरल्या राममंदिराच्या वाटेवर कानडी ऐकू येतं तेव्हा दचकू नका; गदगकडच्या बेलधडीचे ब्रह्मानंद महाराज हे गोंदवलेकर महाराजांचे शिष्य, त्यामुळे तिकडची मंडळी इथे घरच्यासारखी.

वास मात्र मुदपाकखान्याचा. चुलाणं पेटलेली, धूर डोळ्यांत, हंड्यांत आमटी रटरटतेय. गूळ, चिंच, ओल्या लाकडाचा धूर आणि शेणाने सारवलेली जमीन असा मिळून एक वास. तो तुमच्या शर्टात शिरतो आणि परत आल्यावरही धुण्याने जात नाही. तुम्ही डोकावायला जाता. “लांब व्हा, सोवळ्यात आहे!” ओलेत्यातली एक बाई पळी उगारते. १९१२ आहे, विसरलात.

बारा वाजता रामजन्म. गर्दी एवढी की पाय कुणाच्या पायावर आहे ते कळत नाही. पाळण्याची दोरी हलते, गुलाल उडतो, तोंडात कुणीतरी सुंठवडा कोंबतं. सुंठेचा जाळ घशातून कानापर्यंत. डोळे पुसून बघता तर समोर महाराज. फोटोतले ताठ, स्थिर गृहस्थ हे नव्हेत. साठी उलटलेली, दम्याने छाती भरलेली, दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यावा लागतो, आणि तरी कुणाशी तरी थट्टा चाललेली. भोवतीचे चार लोक हसतायत. ज्ञानी माणूस गंभीर असतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

प्रश्न ओठांवर येतो, तेवढ्यात मागून लोंढा येतो आणि तुम्हाला उचलून पंगतीत नेऊन बसवतो. पळसाची पत्रावळ, मीठ, भाताचा ढीग, त्यावर आमटी. आमटी पत्रावळीच्या काडीखालून पळू पाहते, तुम्ही भाताचा बांध घालता. ताकाचा द्रोण गळका निघतो. शेजारचे गदगकर हसत स्वतःचं बोट लावून भोक बुजवतात आणि कानडीत काहीतरी समजावतात. शब्द कळत नाही, उपाय कळतो. चटणी तिखट. मांडी घालून पायाला मुंग्या आल्यात. घाम नाकावरून भातात पडायच्या बेतात आहे.

महाराज पंगतीतून फिरत येतायत. पत्रावळी बघतायत, तोंडं नव्हे. तुमच्यापाशी थांबतात. आता विचारा. तुम्ही मान वर करता, तोंडात घास आहे. वाढप्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि परातीतला भात तुमच्या पानात उलटा केला. तुम्ही दोन्ही हात आडवे धरताय, पुरे पुरे म्हणताय, पण तो केव्हाच पुढच्या पानावर गेलाय.