धर्मनिरपेक्ष शहर आणि श्रद्धावंत कुटुंब : ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील कॅथॉलिक जीवन

‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द आपल्या धर्मग्रामांच्या सभांत आणि घरगुती चर्चांत दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो व त्यातून बराच गोंधळ उडतो. पहिला अर्थ राज्यघटनेतील होय. १९७६ सालच्या ४२व्या घटनादुरुस्तीने हा शब्द उद्देशिकेत आला. परंतु मुळात १९५० पासूनच अनुच्छेद २५ ने प्रत्येक व्यक्तीस सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिलेला आहे. ही घटना घडविणाऱ्या संविधान सभेत येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा हे सदस्य होते, ही गोष्ट आपल्या तरुणांना क्वचितच सांगितली जाते. या अर्थाची धर्मनिरपेक्षता आपल्या श्रद्धेची वैरीण नाही. अल्पसंख्य समाजाला तिच्याच छपराखाली राहावयाचे आहे.

दुसरा अर्थ इहवादाचा. देव नाही असे येथे कोणी म्हणत नाही. त्याच्यासाठी वेळ मात्र उरत नाही. युरोपातील लेखकांचे ग्रंथ वाचून आपण कधी कधी तेथील नास्तिकतेची तक्रार जशीच्या तशी येथे आणतो. ती ठाण्याला लागू पडत नाही. आपला शेजारी मंगळवारी गणपतीच्या दर्शनाला जातो, गुरुवारी उपवास करतो, शुक्रवारी नमाजाला जातो. पहाटेची लोकल, घराचा हप्ता, मुलांचे क्लास आणि रविवारची मॉलमधील खरेदी यांनी त्याचा आणि आपला आठवडा सारखाच व्यापलेला असतो. आपली कसोटी छळाची फारशी नाही; ती थकव्याची आणि दिनदर्शिकेची आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने याविषयी एक मूलगामी विचार मांडला. १९६४ सालच्या ‘लुमेन जेंत्सियुम’ या दस्तऐवजाच्या ३१व्या परिच्छेदात म्हटले आहे की, ऐहिक व्यवहारात असणे हे प्रापंचिकांच्या पाचारणाचे खास लक्षण आहे. संसार, नोकरी, व्यापार, राजकारण ही प्रापंचिक ख्रिस्ती माणसाची कर्मभूमी. मठात जाऊ न शकलेल्यांसाठी ठेवलेली ती दुय्यम जागा नाही. पुढचा सर्व विवेचनाचा भाग या एका परिच्छेदावर उभा आहे.

जुना वारसा

सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मास याने ‘कल्लियाना’ येथील ख्रिस्ती लोकांचा व पर्शियात दीक्षित झालेल्या बिशपांचा उल्लेख केला आहे. हे स्थळ म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यानंतरची घटना अधिक स्पष्ट आहे. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी श्रद्धेसाठी प्राण दिले : तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि जॉर्जियातील तिबिलिसीचे देमेत्रियुस. काझीपुढे श्रद्धेविषयी विचारणा झाल्यावर तिघांचा ९ एप्रिल रोजी व मुक्कामी मागे राहिलेल्या पीटर यांचा ११ एप्रिल रोजी वध झाला. त्यांचे सोबती, दोमिनिकन धर्मगुरू जॉर्डन कातालानी, यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. थॉमस यांना १८९४ मध्ये धन्यवादित म्हणून मान्यता मिळाली.

या कथेतून आज कोणत्याही शेजारी समाजाविरुद्ध राग काढणे हा त्या हुतात्म्यांचा अवमान ठरेल. मला त्यातील दुसराच तपशील महत्त्वाचा वाटतो. या लॅटिन परंपरेच्या पाहुण्यांना ठाण्यात आसरा दिला तो पौर्वात्य सिरियन परंपरेच्या एका ख्रिस्ती कुटुंबाने! आज कल्याण स्टेशनच्या परिसरात लॅटिन विधीचे मुंबई महाधर्मप्रांताचे भाविक आणि सिरो-मलबार विधीचे भाविक शेजारी शेजारी राहतात. सिरो-मलबार भाविकांसाठी कल्याण धर्मप्रांत १९८८ साली स्थापन झाला व २०२५ मध्ये त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. परंतु कित्येक इमारतींत एकाच मजल्यावरच्या या दोन घरांना परस्परांची ओळखही नसते.

१७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकून घेतली. पोर्तुगीज राजसत्तेचा आधार गेला, परदेशी मिशनरी गेले. तरी येथील ख्रिस्ती लोक ख्रिस्तीच राहिले. मोजके स्थानिक धर्मगुरू आणि घराघरांतील जपमाळ यांवर ती श्रद्धा तगली. सरकारी आश्रयाशिवाय श्रद्धा टिकते की नाही, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी सोडविलेला आहे.

रविवार

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न रविवारच्या मिस्साचा. कारखान्याची साप्ताहिक सुट्टी दुसऱ्याच दिवशी, कॉल सेंटरची रात्रपाळी, रेल्वेची, रुग्णालयाची ड्युटी. मग मिस्सा कसा साधायचा? ख्रिस्तसभेच्या कायद्याचा १२४७ वा नियम रविवारी मिस्सात सहभागी होण्याचे आणि शक्य तेवढी विश्रांती घेण्याचे बंधन घालतो. त्याच्या पुढचा १२४८ वा नियम सांगतो की, हे कर्तव्य शनिवारी सायंकाळच्या मिस्सानेही पूर्ण होते, आणि तो मिस्सा कोणत्याही कॅथॉलिक विधीनुसार चालेल. म्हणजे डोंबिवलीतील लॅटिन भाविकाला सिरो-मलबार चर्चमध्ये जाऊनही हे कर्तव्य पार पाडता येते. आजारी माणसे, तान्ह्या मुलांच्या माता, रुग्णाची शुश्रूषा करणारे यांच्यावर बंधन नाही. न्याय्य कारण असल्यास धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू एखाद्यास सूट देऊ शकतात किंवा त्याऐवजी दुसरे भक्तिकृत्य नेमून देऊ शकतात (नियम १२४५). त्यासाठी त्यांना भेटावे मात्र लागते, आणि बहुतेक जण तेवढेच करीत नाहीत.

करोनाच्या साथीत मार्च २०२० पासून प्रार्थनास्थळे बंद झाली आणि महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. २०२१ मध्ये पुन्हा काही महिने बंद राहिली. त्या काळात पडद्यावरील मिस्साने अनेकांना धीर दिला. धडधाकट माणसाने आज सोफ्यावर चहा घेत मिस्सा ‘पाहणे’ हा मात्र त्या सवलतीचा विपर्यास होय. ख्रिस्तशरीर दूरचित्रवाणीतून घेता येत नाही.

कामाच्या ठिकाणी

श्रद्धाजीवन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नोव्हेना, तीर्थयात्रा, उपवासकाळ येतो. कार्यालयातील टेबल येत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश झाला. आयुष्यभराची पुंजी घातलेली कुटुंबे त्यांत राहत होती. अशा प्रत्येक व्यवहारात सही करणारा अभियंता, फाईल पुढे सरकविणारा लिपिक, दलाल, वकील, बँकेचा कर्मचारी अशी माणसांची साखळी असते. त्या साखळीत कोणी कोणत्या धर्माचा होता हे मला सांगायचे नाही. अशा साखळीतील जागांवर आपल्या धर्मग्रामातील माणसेही काम करतात आणि ‘एवढे तर चालतेच’ हे वाक्य त्यांनाही ऐकावे लागते, इतकेच सांगायचे आहे. बनावट कागदावर सही नाकारणे ही त्या दिवशीची त्या माणसाची प्रार्थना असते. त्याची किंमत बदली, रखडलेली बढती किंवा गेलेली नोकरी अशी असू शकते. अशा भाविकाला आपला धर्मग्राम कोणता आधार देतो? सणाची वर्गणी कमी पडली तर आपण सभा बोलावतो. यासाठी बोलावत नाही.

घर खरेदी करताना काही रक्कम रोखीने देण्याची मागणी होते, हेही उघड गुपित आहे. प्रायश्चित्त संस्कारात हे पाप म्हणून क्वचितच पुढे येते, असे माझे सहकारी धर्मगुरू सर्वसाधारणपणे म्हणतात.

विवाह

लोकलच्या प्रवासात आणि कार्यालयात जुळलेले मिश्रविवाह आता अपवाद राहिलेले नाहीत. याबाबतचे नियम नीट माहीत नसल्यामुळे अनेक जोडपी उगाच दुरावतात. बाप्तिस्मा झालेल्या अन्य पंथीय ख्रिस्ती व्यक्तीशी विवाहासाठी परवानगी लागते (नियम ११२४); बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी विवाहासाठी सूट लागते (नियम १०८६). दोन्ही प्रसंगी कॅथॉलिक पक्षाने आपली श्रद्धा न सोडण्याची तयारी जाहीर करावयाची असते आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथॉलिक श्रद्धेत व्हावे यासाठी शक्य ते सर्व करीन, असे वचन द्यावयाचे असते. दुसऱ्या पक्षाला या वचनाची केवळ माहिती दिली जाते. त्याच्याकडून धर्मांतर तर सोडाच, कोणतेही वचन मागितले जात नाही! ‘चर्चमध्ये लग्न म्हणजे आमच्या मुलाला बाटवणार’ अशी भीती सासरच्या मंडळींना वाटते, तेव्हा हा मुद्दा त्यांना शांतपणे समजावून सांगणे हे कॅथॉलिक कुटुंबाचे काम आहे.

केवळ १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार, ख्रिस्तसभेची सूट न घेता केलेला विवाह देशाच्या कायद्याने वैध असतो. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने कॅथॉलिक पक्षासाठी तो वैध नसतो. म्हणून असे जोडपे बहिष्कृत होत नाही. त्यांचा विवाह पुढे वैध करून घेण्याची तरतूद आहे (नियम ११५६ व पुढील). वीस वर्षे मागच्या बाकावर गुपचूप बसण्यापेक्षा एकदा फादरांच्या कार्यालयात जाऊन बसावे.

शेजाऱ्यांचे सण

डोंबिवलीत १९९९ पासून गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघते. तिचे अनुकरण पुढे अनेक शहरांनी केले. सोसायटीतील गणपती, नवरात्र, दहीहंडी हे ओघाने आलेच. आपण जावे का? प्रसाद घ्यावा का? १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेने सांगितले की, अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही. दिवाळीनिमित्त व्हॅटिकनमधून दरवर्षी हिंदू बांधवांना शुभेच्छासंदेश पाठविला जातो. तेव्हा शेजाऱ्याच्या आनंदात सामील होणे, मंडपात जाऊन बसणे, सोसायटीच्या कामात खांदा देणे यांत श्रद्धेला बाधा येत नाही. पूजा स्वतः करणे ही उपासना होय आणि ती आपण करीत नाही. हे नम्रपणे सांगितले तर शेजारी समजून घेतो. प्रसादाबाबत संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा ८वा व १०वा अध्याय वाचावा. तेथे प्रश्न अन्नाचा कमी आणि दुर्बल बांधवाच्या सदसद्विवेकाचा अधिक आहे. दारात उभ्या असलेल्या काकूंच्या हातातील ताटलीवर धर्मशास्त्रीय वाद घालू नये, एवढे माझे मत.

मराठी संस्कृतीत श्रद्धावंत कॅथॉलिक माणूस उभा कसा राहतो, याचे उदाहरण वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी घालून दिले. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरू म्हणून त्यांच्या निवडीला विरोधही झाला. त्यांनी आपले धर्मगुरुपण लपविले नाही आणि मराठीपणही. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे बायबल किती घरांत उघडले जाते, हे कुटुंबभेटीच्या वेळी दिसतेच; इंग्रजी माध्यमातील मुलांना मराठीत ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ येत नाही आणि आजीला इंग्रजीत प्रार्थना येत नाही, अशा घरांत कौटुंबिक जपमाळ बंद पडते. श्रद्धेचा नव्हे, निव्वळ भाषेचा अडसर.

कागदावरचा धर्म

एक विषय आपण टाळतो. अहिल्यानगर, जालना व छत्रपती संभाजीनगर या भागांतून कल्याणच्या पट्ट्यात आलेल्या मराठी कॅथॉलिक कुटुंबांपैकी बरीच दलित समाजातील आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. तोवर मुलाच्या फीसवलतीसाठी किंवा नोकरीसाठी शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि देव्हाऱ्यात क्रूस, अशी विभागणी काही घरांत झाली आहे. खोटे सांगणे योग्य, असे कोणताही धर्मगुरू म्हणणार नाही. परंतु ज्यांना कधी दाखल्यावरून गमवावे लागले नाही, त्यांनी या कुटुंबांकडे बोट दाखविण्यापूर्वी त्यांना आपल्या छोट्या ख्रिस्ती समूहात सन्मानाने बसविले आहे काय, हे तपासावे. जातीमुळे मिळालेली वागणूक बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली गेली, असे ते अजून म्हणू शकत नाहीत.

धर्मग्रामाशी नाते

घोडबंदर रस्त्यावर किंवा डोंबिवलीच्या नव्या वसाहतींत राहावयास आलेली कित्येक कुटुंबे आपले मूळ धर्मग्राम वांद्रे, वसई किंवा गावाकडचे मानतात आणि लग्न वा मर्तिकाच्या वेळीच येथील चर्च शोधतात. कायमच्या वास्तव्याच्या इराद्याने राहू लागताच, अथवा सलग पाच वर्षे राहिल्यावर, ती जागा तुमचे अधिवास ठरते (नियम १०२), आणि तेथील प्रमुख धर्मगुरू हे तुमचे धर्मगुरू ठरतात (नियम १०७). चर्चमध्ये नाव नोंदविताना विवाहाचा दाखला व सर्वांचे बाप्तिस्म्याचे दाखले सोबत न्यावेत. मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाची वेळ आणि आपल्या इमारतीचा छोटा समूह कोणता, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. सिरो-मलबार कुटुंबांनी लक्षात ठेवावे की, लॅटिन चर्चमध्ये कितीही वर्षे संस्कार घेतले तरी केवळ त्यामुळे त्यांची मूळ ख्रिस्तसभा बदलत नाही (नियम ११२). त्यांच्या विवाहाच्या व बाप्तिस्म्याच्या नोंदींसाठी आपल्या विधीच्या धर्मगुरूंशी आधी संपर्क साधावा.